आधी कायदा, मग रकाना

एक साधे गणित घेऊ. एका तरुणाचे २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे करपात्र उत्पन्न ६ लाख ८० हजार रुपये. त्यातले ६ लाख ४० हजार पगाराचे, वजावटी जाऊन. उरलेले ४० हजार म्हणजे शेअर्स वर्षाच्या आत विकून झालेला नफा. नव्या करप्रणालीत पहिल्या ३ लाखांवर काही नाही, पुढच्या ३ लाखांवर ५ टक्के आणि त्यापुढच्या ४० हजारांवर १० टक्के. म्हणजे पगारावरचा कर १९ हजार. शेअर्सच्या नफ्यावर तेव्हाच्या १५ टक्के दराने ६ हजार. बेरीज बरोबर २५ हजार. आता आयकर कायद्याचे कलम ८७ अ असे, की नव्या प्रणालीत ज्याचे एकूण उत्पन्न ७ लाखांच्या आत आहे, त्याला २५ हजारांपर्यंत करात सूट. देणे शून्य.

हा तरुण ४ जुलै २०२४ रोजी विवरणपत्र भरायला बसला असता, तर संगणकाने त्याला शून्य हेच उत्तर दिले असते. ६ जुलैला बसला असता, तर त्याच आकड्यांवर, त्याच कायद्याखाली, उपकर धरून ६ हजार २४० रुपये भरायला सांगितले असते. मधल्या दोन दिवसांत संसदेने कायदा बदलला नव्हता, अध्यादेश निघाला नव्हता, कोणत्या न्यायालयाचा निकालही आला नव्हता. बदलली होती ती विवरणपत्र भरण्याची सरकारी संगणकप्रणाली. करसल्लागारांच्या बोलीत 'युटिलिटी'.

माझी हयात बँकेत गेली. आता निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहितो. पण आकड्यांची सवय सुटत नाही. पुण्यात आमच्या भागातले चार-पाच करसल्लागार जून ते सप्टेंबर या हंगामात आठवड्यातून एकदा, कचेरीला कुलूप लावायच्या आधी, चहाला एकत्र बसतात. मी तिथला आगंतुक. त्यांच्या बोलण्याचे विषय दोनच. पहिला, "काय रे, 'टू'ची युटिलिटी आली का?" आणि दुसरा, "माझ्याकडे एक केस आलीय." पहिला विषय यंत्राचा, दुसरा माणसांचा. बरीच वर्षे मी हे दोन वेगळे विषय समजत होतो. ८७ अ च्या प्रकरणाने दाखवून दिले, की विषय एकच आहे: कायदा जिथे बोलतो आणि रकाना जिथे गप्प बसतो, त्या फटीत सामान्य करदात्याचे काय होते?

यंत्राचे उपकार

प्रथम यंत्राचे उपकार मान्य करू. आयकर कचेरीच्या आवारातल्या रांगा, सुट्ट्या टेबलांवर शिक्के मारणारे कारकून, पोचपावतीचा चुरगळलेला कागद जपून ठेवणारे नोकरदार हे सगळे माझ्या पिढीने पाहिले आहे. नव्वदच्या दशकात 'सरल' नावाचा एकपानी फॉर्म आला तेव्हा केवढी सुटका वाटली होती! आज नोकरदाराचे विवरणपत्र बहुतांशी आयतेच भरून येते आणि परताव्याची रक्कम पुष्कळदा काही आठवड्यांत खात्यात जमा होते. ३१ जुलै २०२४ या एका मुदतीपर्यंत देशात ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली. इतके कागद हाताळायला किती कारकून लागले असते, याचा हिशेब न केलेला बरा.

यंत्र न्यायही देते. बँकेतले उदाहरण सांगतो. बचत खात्यावरचे व्याज पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे. महिनाभर ५० हजार रुपये ठेवून एखाद्याने २८ तारखेला ४५ हजार काढले, की त्या महिन्याचे व्याज ५ हजारांवर. लेजरच्या जाड पानांवर रोजच्या शिलकेचे व्याज काढणे माणसाला शक्य नव्हते, म्हणून हा अन्याय सगळ्यांनी गिळला होता. बँका संगणकावर आल्या आणि १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर मिळू लागले. पण क्रम लक्षात घ्या. रिझर्व्ह बँकेने २००९ च्या एप्रिलमध्ये धोरण जाहीर केले, बँकांना तयारीला वेळ दिला, तारीख ठरवली आणि मग संगणकातले सूत्र बदलले. नियम आधी, यंत्र मागून. एके सकाळी कोणा प्रोग्रॅमरने परस्पर सूत्र बदलले आणि खातेदाराला पासबुकातून ते कळले, असे झाले नाही.

'माझ्याकडे एक केस आलीय'

आता त्या चहाच्या टेबलावरच्या केसेसकडे वळू. त्या ऐकल्या, की रकान्यांची मर्यादा समजते.

एक काकू. नवरा गेला, मूलबाळ नाही. ठेवी ठेवताना भाच्याचे नाव पहिले घातले, कारण बँकेत धावपळ तोच करतो. बँकेत असताना अशा ठेवी मी शेकड्यांनी पाहिल्या. पहिले नाव कोणाचे, हे घरात सोयीने ठरते. पण बँक टीडीएस कापते तो पहिल्या नावाच्या पॅनवर. सरकारच्या वार्षिक माहिती पत्रकात, ज्याला सगळे 'एआयएस' म्हणतात, व्याज भाच्याच्या नावावर दिसते. कायद्याप्रमाणे उत्पन्न ज्याचा पैसा त्याचे, म्हणजे काकूंचे. बँकेला निवेदन देऊन टीडीएस काकूंच्या नावे वळवण्याची सोय नियमांत आहे, एआयएसवर 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' असे कळवण्याचीही आहे. पण किती भाच्यांना हे ठाऊक असते? बहुतेक जण पडद्यावर आयते आलेले व्याज आपले म्हणून भरून टाकतात आणि काकूंच्या पैशावरचा कर आपल्या चढ्या दराने देतात. पडद्यावर छापून आले म्हणजे खरेच असणार, हा आपल्या मध्यमवर्गीय मनाचा धाक आहे.

दुसरी केस घरोघरची. परदेशातला मुलगा वडिलांना पैसे पाठवतो. ते करपात्र का? नाही, मुलगा जवळचा नातेवाईक. त्या पैशाची ठेव केली तर व्याज कोणाचे? वडिलांचे. पण हेच पैसे नवऱ्याने बायकोच्या नावे ठेवले, तर व्याज कायद्याने पुन्हा नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. एकाच घरातल्या दोन पाकिटांना दोन न्याय, आणि दोन्हींमागे कारण आहे. फॉर्ममध्ये अशा मिळवलेल्या उत्पन्नासाठी जागा आहे. पण पैसा मुळात आला कुठून, हे माणसाने माणसाला विचारावे लागते.

तिसरी केस शहराच्या वेशीवरच्या जमिनीची. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. पण 'ग्रामीण' म्हणजे काय? नगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांहून जास्त आणि १ लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडे, १० लाखांपर्यंत असेल तर ६ आणि त्याहून मोठ्या शहराला ८ किलोमीटर. अंतर मोजायचे ते रस्त्याने नव्हे, आकाशातून सरळ रेषेत. लोकसंख्या धरायची ती आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेची, म्हणजे आजवर २०११ ची. पुण्याभोवतीची, नाशिकभोवतीची किती कुटुंबे या एका वाक्यावर लाखो रुपयांनी इकडची तिकडे होतात! संगणक विचारतो, 'जमीन ग्रामीण आहे का?' उत्तर होय किंवा नाही. ते देण्यापूर्वी करसल्लागाराला तलाठ्यापासून नगररचना कचेरीपर्यंत हिंडावे लागते.

चौथी केस वाड्याची. आजोबांनी घेतलेला, वडिलांकडून चार भावंडांकडे आलेला वाडा विकला. मूळ खरेदीची किंमत म्हणजे आज हास्यास्पद आकडा. म्हणून कायदा १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरू देतो, त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही, अशा अटीवर. २३ जुलै २०२४ पासून दर बदलले. महागाईची वजावट न घेता साडेबारा टक्के. त्यावर ओरड झाल्यावर, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना जुन्या पद्धतीने, महागाई वजा करून २० टक्क्यांनी येणारा कर कमी असेल तर तेवढाच द्यायची मुभा मिळाली. ही तुलना यंत्र क्षणात करते, आणि चोख करते. पण २००१ चे मूल्य काय, हा आकडा यंत्राला कोणीतरी सांगावा लागतो.

या वाड्याच्या केसमध्ये एक जुना धडा आहे. महागाईची वजावट कोणत्या वर्षापासून मोजायची? कायद्याच्या शब्दांकडे पाहिले तर करदात्याने मालमत्ता धारण केली त्या पहिल्या वर्षापासून, म्हणजे वारसाने किंवा भेट म्हणून ती मिळाली तेव्हापासून. खात्याचे म्हणणे तेच होते. भेट मिळालेल्या एका सदनिकेच्या प्रकरणात एका करदात्याने वेगळा दावा केला, की आधीच्या मालकाची वर्षेही धरली पाहिजेत. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्या निकालाचा लाभ नंतर किती वारसदारांना झाला असेल! आता कल्पना करा, की त्या वर्षी विवरणपत्राच्या रकान्याने भेटीच्या आधीचे वर्ष घालूच दिले नसते, लाल अक्षरांत 'चूक' म्हणून अडवले असते. मग दावा नाही. दावा नाही म्हणून नकार नाही, नकार नाही म्हणून अपील नाही, अपील नाही म्हणून निकालही नाही. कायद्याचा अर्थ अशा दाव्यांतून उलगडत आला आहे. कुलूप लावलेला रकाना ही वाट सुरुवातीलाच बंद करतो.

कोर्टाची पायरी

८७ अ च्या बाबतीत हेच घडले. खात्याची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. नव्या प्रणालीतली ही सूट त्या प्रणालीच्या टप्प्यांनुसार येणाऱ्या करापुरती आहे आणि शेअर्सच्या नफ्यावरचा कर वेगळ्या कलमाखाली, विशेष दराने लागतो, असा त्यांचा अर्थ. करसल्लागारांचे उत्तर असे, की दीर्घ मुदतीच्या शेअर्सच्या नफ्यावर सूट नाही, हे कायद्याने त्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. अल्प मुदतीच्या नफ्याबद्दल तसे लिहिलेले नाही. जिथे नाकारायचे होते तिथे कायद्याने नाकारले, मग जिथे तो गप्प आहे तिथे तुम्ही कसे नाकारता? दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल असा हा मामला. पण वाद घालायला समोर कोणी नव्हतेच. होता तो एक रकाना, आणि तो हलत नव्हता.

मुंबईची द चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही १९२६ सालची संस्था जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेशाने उशिराची आणि सुधारित विवरणपत्रे भरण्याची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवायला सांगितले. २४ जानेवारी २०२५ च्या अंतिम निकालाचा मथितार्थ असा: सूट मिळते की नाही, हे अधिकारी आणि पुढची न्यायासने ठरवतील, पण ती मागण्याची वाटच संगणकप्रणालीने बंद करता येणार नाही, तेव्हा दावा करता येईल अशी दुरुस्ती करा.

पुढे २०२५ च्या वित्त कायद्याने सरकारने आपले म्हणणे रीतसर कायद्यात घातले. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत ६० हजारांची सूट. मात्र विशेष दराच्या उत्पन्नावरच्या करात सूट नाही. हे योग्यच झाले. सरकारला नाकारायचे असेल तर संसदेत, सगळ्यांदेखत नाकारावे. त्या निर्णयावर टीका करता येते, मत देताना तो आठवता येतो. युटिलिटीतल्या बदलावर मतदान होत नाही.

आधीच्या वर्षाचे काय झाले? ज्यांना सूट दिली गेली होती अशांपैकी काहींना नंतर फरकाच्या मागणीच्या नोटिसा आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून, ही रक्कम ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरल्यास उशिरावरचे व्याज माफ केले. त्याच्या महिनाभर आधी आयकर अपील न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद पीठाने एका प्रकरणात करदात्याच्या बाजूने कौल दिला होता. म्हणजे ज्या प्रश्नावर न्यायाधिकरण करदात्याचे म्हणणे ग्राह्य धरू शकते, तो प्रश्न जुलै २०२४ मध्ये यंत्राने परस्पर निकालात काढला होता.

यात रक्कम किती? आपल्या उदाहरणातल्या तरुणाची ६ हजार २४० रुपये. खरी मेख इथेच आहे. एवढ्या पैशासाठी कोणीही वकील करत नाही. मोठ्या कंपनीचा रकाना अडला तर ती दुसऱ्या दिवशी कोर्टात उभी राहते. लहान माणूस 'सबमिट'चे बटण दाबतो आणि विषय संपवतो. म्हणून रकान्याचा अन्याय दिसत नाही. तो लाखो ठिकाणी थोडा थोडा सांडलेला असतो.

अडवावे कोणाला?

यावर खात्याचे अधिकारी म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की रकाने मोकळे सोडले तर लबाडी माजेल. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी तपासणी केली ती खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्या टोळ्यांचीच. न दिलेल्या देणग्या, न भरलेले घरभाडे, आणि परताव्यात दलाली. असे लोक करसल्लागारांच्या धंद्यालाही काळिमा आहेत. पण खोटी माहिती देणे आणि कायद्याचा वेगळा अर्थ लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली पकडायला यंत्रासारखा हुशार पहारेकरी नाही. दुसरीचा निवाडा पहारेकऱ्याने करायचा नसतो.

यंत्रावरचा आंधळा विश्वास किती महागात पडतो, हे पाहायला ब्रिटनकडे नजर टाकावी. तिथल्या टपाल खात्यात १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणकप्रणाली आली. ती म्हणे, तुमच्या गल्ल्यात पैसे कमी आहेत. पोस्टमास्तर म्हणत, आमचा हिशेब बरोबर आहे. विश्वास यंत्रावर ठेवला गेला. ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली, काही तुरुंगात गेली. यंत्रात दोष होते, हे न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले, आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडले. आपल्याकडचा मामला तितका भीषण नाही. पण ज्याने बँकेच्या कॅश काउंटरवर दिवस काढले आहेत, त्याच्या अंगावर ही हकिकत वाचून काटा येतोच.

मग करसल्लागारांना हवे आहे तरी काय? त्यांच्या मागण्या फार साध्या आहेत. आर्थिक वर्ष संपले, की फॉर्म आणि युटिलिटी हातात यावी. २०२५ मध्ये फॉर्ममधले बदल आणि संगणकाची तयारी यांसाठी ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर न्यावी लागली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढवावी लागली. २०२१ च्या जूनमध्ये नवे पोर्टल आले तेव्हाच्या अडचणींनी मुदत डिसेंबरअखेर गेली होती. यंत्राला उशीर झाला तर तारीख वाढते. करदात्याला उशीर झाला तर ५ हजारांपर्यंत शुल्क पडते. दुसरी मागणी, हंगामाच्या मध्येच हिशेबाचे सूत्र बदलले तर ते तारखेसह, कोणत्या कलमाच्या आधारे बदलले हे लिहून जाहीर करावे. खासगी कंपन्यांची सॉफ्टवेअर्स सरकारच्याच आराखड्यावर चालतात. तिथला एक शब्द हलला, की हजारो कचेऱ्यांतली उत्तरे बदलतात आणि सल्लागाराला ते क्लायंटच्या तोंडून कळते. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: जिथे वाद संभवतो तिथे रकाना अडवू नये. 'तुमचा दावा आमच्या हिशेबाशी जुळत नाही, कारण लिहा' असे म्हणावे आणि चार ओळींची जागा द्यावी. मग तपासा, नाकारा, नोटीस काढा. त्या नोटिशीवर उत्तर देता येते, अपील करता येते.

त्या मंडळींतला सगळ्यांत तरुण सल्लागार एकदा मला म्हणाला, "साहेब, मी क्लायंटला कायद्याचे पुस्तक दाखवतो आणि तो मला मोबाइलचा पडदा दाखवतो." १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेणारा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात भाषा सोपी केली आहे, कलमे ५३६ वर आणली आहेत, 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा गोंधळ काढून एकच 'कर वर्ष' ठेवले आहे. चांगली गोष्ट आहे. पण सोपा कायदाही करदात्यापर्यंत पोचणार तो पडद्यावरच्या रकान्यांतूनच. ते रकाने कायद्याशी इमान राखतात की नाही, हे पाहणारे कोणी हवे, आणि ते काम आज गल्लीबोळातले करसल्लागार रात्री जागून, फारसा गाजावाजा न होता करत आहेत.

आपण घरच्या घरी एवढे करू शकतो. विवरणपत्र पाठवण्यापूर्वी सल्लागाराकडून हिशेबाचा कागद मागून घ्यावा आणि तो एकदा वाचावा. एआयएसमधले व्याज आपल्या पासबुकाशी ताडून पाहावे, ठेवींवर पहिले नाव कोणाचे आहे ते पाहावे. आणि पडद्यावर आलेला एखादा आकडा पटला नाही, तर "कॉम्प्युटरच असं म्हणतोय" या उत्तरावर थांबू नये. कोणत्या कलमाखाली, एवढे विचारावे. प्रश्न साधा आहे, पण २०२४ च्या जुलैत तो पुरेशा लोकांनी विचारला म्हणूनच प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचले.